कोल्हापूरहून समृद्धी महामार्गावर एकट्याने जाताना : तयारीपासून परतीपर्यंत

समृद्धी महामार्गावर एकट्याने गाडी घेऊन निघणाऱ्या कोल्हापूरकराने सर्वांत आधी एक हिशेब मांडावा : महामार्गाला लागण्यापूर्वीच आपल्या अंगावर किती किलोमीटर चढलेले असतील? मुंबई किंवा नागपूरच्या माणसाला हा रस्ता घराजवळ सुरू होतो. आपल्याला मात्र पुणे, अहिल्यानगर असे करत छत्रपती संभाजीनगर गाठेपर्यंतच साडेचारशे किलोमीटरहून अधिक प्रवास होतो आणि विश्रांती धरून त्यात नऊ-दहा तास जातात. त्यानंतर समोर येतो तो सरळ, रिकामा, ताशी १२० किलोमीटरची परवानगी देणारा रस्ता. थकलेल्या चालकाला वाटते, आता खरा त्रास संपला. माझ्या मते कोल्हापूरच्या माणसासाठी या प्रवासातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच आहे, आणि पुढील सर्व सूचना त्याभोवती रचलेल्या आहेत.

प्रवासाचे दोन दिवस करा

नागपूर ते भिवंडीजवळील आमणे असा हा ७०१ किलोमीटरचा सहा पदरी मार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस मिळाला. कोल्हापूरहून विदर्भात जाताना आपण साधारणपणे संभाजीनगरजवळच्या सावंगी किंवा शेंद्रा इंटरचेंजवरून (महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या ठरावीक जागेवरून) त्यावर चढतो. सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ हा मार्ग अंतराने कमी आहे, आणि ज्यांचे पुण्यात किंवा संभाजीनगरला काही काम नाही, त्यांनी त्याचाही विचार अवश्य करावा. परंतु समृद्धीनेच जायचे ठरले असेल, तर पहिल्या दिवशी संभाजीनगरला मुक्काम करा आणि महामार्गावर दुसऱ्या दिवशी, पुरेशी झोप झाल्यावर चढा. दोन चालक असतील तर एका दिवसात जाण्याचा विचार तरी करता येतो. एकट्याने हा प्रवास एका दिवसात करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

रात्रीच्या प्रवासाबाबतही तेच. १ जुलै २०२३ रोजी रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे येणाऱ्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. मध्यरात्र ते पहाट हा काळ शरीर झोपेची मागणी करण्याचा असतो. चालक कितीही अनुभवी असला तरी ही मागणी टळत नाही. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान तिची सौम्य आवृत्ती पुन्हा येते. त्यामुळे संभाजीनगरहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाच्या सुमारास नागपूर गाठणे, हे वेळापत्रक सर्वांत सोयीचे ठरते.

टायर : इथे घाई नको

गाडीची तपासणी निघण्याच्या आदल्या दिवशी न करता चार-पाच दिवस आधी करावी, म्हणजे काही बदलायचे निघाले तर वेळ हाताशी राहतो. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक पॅड, वायपरची रबरे आणि सर्व दिवे ही नेहमीची यादी उद्यमनगरातला कोणताही चांगला मेकॅनिक तासाभरात पाहून देईल. टायरकडे मात्र स्वतः खाली बसून पाहावे.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. तिथे २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. गाडी कमी चालली म्हणून नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर वयाने कडक होतेच. पाच-सहा वर्षांपुढचा टायर गावात चालून जाईल. सलग चार तास ताशी १०० किलोमीटरने धावण्यासाठी तो जाणकाराला दाखवल्याशिवाय नेऊ नये. नक्षीच्या खाचांमध्ये आडवे लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, म्हणजे खाचेची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली, की टायर बाद समजावा. बाजूच्या भिंतीवर फुगवटा, भेग किंवा खड्ड्यात आपटल्याची खूण दिसली तर नक्षी कितीही चांगली असली तरी तो टायर बदलावा. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवरून फिरलेल्या गाड्यांत अशी खूण हमखास सापडते, बहुधा डाव्या बाजूच्या चाकांना.

हवेच्या दाबाविषयी एक समज फार पसरलेला आहे : महामार्गावर टायर तापतो, म्हणून हवा थोडी कमी ठेवावी. हे चुकीचे आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि तीच उष्णता टायर फुटण्यास कारणीभूत ठरते. दाब किती हवा, हे चालकाच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर लिहिलेले असते. तो टायर थंड असताना मोजायचा. वाटेत थांबल्यावर दोन-चार अंकांनी जास्त दिसला म्हणून हवा सोडू नये, कारण तापलेल्या टायरमध्ये तो वाढलेलाच असणार. नायट्रोजन भरला काय आणि साधी हवा भरली काय, दाब योग्य असणे महत्त्वाचे. स्टेपनीचा दाबही त्याच वेळी पाहावा. बहुतेकांच्या डिकीतली स्टेपनी वर्षानुवर्षे न तपासलेली असते. शेवटी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावे. ताशी ८० नंतर स्टीअरिंग थरथरत असेल, तर ते प्रवासाआधीच दुरुस्त झालेले बरे.

गाडीच्या आतली मांडणी

शेजारी कोणी नसते, याचा अर्थ पाण्याची बाटली देणारे, नकाशा वाचणारे, फोन उचलणारे कोणी नसते. म्हणून सर्व गोष्टी निघण्याआधी जागेवर लावाव्यात. पाण्याची बाटली दारातल्या खाचेत घट्ट बसेल अशीच घ्यावी. शेजारच्या सीटवर ठेवलेली बाटली जोरात ब्रेक लावताच घरंगळत खाली येते, आणि ती ब्रेकच्या पेडलखाली जाऊन अडकली तर पाय कितीही दाबला तरी पेडल पूर्ण खाली जात नाही. चालकाच्या पायाखालची सुटी मॅट हाही तसाच धोका असतो. ती क्लिपने पक्की करावी, नाहीतर काढून टाकावी.

सीट अशी लावावी की पाठ टेकलेली असताना मनगटे स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकतील आणि छाती व स्टीअरिंग यांत साधारण वीतभराहून अधिक अंतर राहील. हेडरेस्टचा मध्य डोक्याच्या मागे यावा, मानेच्या मागे नव्हे. नकाशातील ठिकाण, गाणी, फास्टॅगमधील शिल्लक हे सर्व गाडी उभी असतानाच पाहून घ्यावे. समृद्धीवर टोल बाहेर पडताना, कापलेल्या अंतरानुसार घेतला जातो, त्यामुळे शिल्लक पुरेशी ठेवावी. पाकिटात रक्तगट आणि घरच्या दोन व्यक्तींचे क्रमांक लिहिलेला कागद असावा. फोन लॉक असला किंवा फुटला, तरी हा कागद वाचता येतो.

घरच्यांशीही आधीच बोलून ठेवावे. लाइव्ह लोकेशन सुरू करून द्यावे, कोणत्या थांब्यावरून संदेश येईल हे सांगावे आणि अधेमधे फोन करू नये अशी विनंती करावी. आई काळजीने दर अर्ध्या तासाला फोन करते आणि मुलगा किंवा मुलगी ताशी १०० च्या वेगात तो उचलते, हे थांबवणे दोघांच्याही हिताचे आहे. हँड्सफ्रीवर बोलताना हात मोकळे राहतात, लक्ष मात्र बोलण्यात गुंतलेलेच असते.

कोल्हापूरच्या तावडे हॉटेल चौकापासून संभाजीनगरपर्यंत

पहिल्या दिवशीचा पुण्यापर्यंतचा रस्ता आपल्या सवयीचा असल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होते. सातारा ते कागल या भागात सहा पदरीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी डायव्हर्जन आणि सेवारस्त्यांची ये-जा अंगवळणी पडली आहे, तरी आठवड्यापूर्वीचे डायव्हर्जन आज तिथेच असेल असे गृहीत धरू नये. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी पाहूनच निघावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हा महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला होता.

गळीत हंगामात पेठ नाका, कराड या पट्ट्यात अंधारात ऊसवाहू ट्रॅक्टर भेटतात. दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला, आणि वेग ताशी वीस किलोमीटर. मागून ऐंशीच्या वेगाने येणाऱ्याला ती ट्रॉली दिसते तेव्हा अंतर फारच थोडे उरलेले असते. हंगामात पहाटेच्या अंधारात न निघता उजाडल्यावर निघावे, एवढेच त्यावर खात्रीचे उत्तर आहे. पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवावी, वेग खालच्या गिअरने आवरावा आणि मागून येणाऱ्या अवजड वाहनांपासून शक्य तितके दूर राहावे. हा उतार गंभीर अपघातांसाठी ओळखला जातो.

जेवणाबद्दल एकच सांगतो. तांबडा-पांढरा पोटभर खाऊन दुपारी दोनला स्टीअरिंग धरू नये. तो बेत मुक्कामानंतरचा.

महामार्गावर चढताना

सकाळी संभाजीनगरमध्येच टाकी पूर्ण भरून घ्यावी. चुकलेल्या इंटरचेंजनंतर पुढचा इंटरचेंज बराच दूर असू शकतो आणि तेवढ्या फेऱ्याचे इंधन गाडीत असायला हवे. प्रवेशाचा रॅम्प संपल्यावर मुख्य रस्त्याला समांतर अशी वेग वाढवण्याची लेन मिळते. तिचा उपयोग नावाप्रमाणे करावा : उजवा इंडिकेटर द्यावा, उजव्या आरशात आणि मग मान वळवून पाहावे, आणि डाव्या लेनमधील वाहनांच्या वेगाशी आपला वेग जुळल्यावर आत शिरावे. ताशी चाळीसने दबकत शिरणारी गाडी मागच्या ट्रकचालकाला अचानक ब्रेक लावायला लावते.

लेनची शिस्त आपल्याला नव्याने शिकावी लागते, कारण पुणे–बंगळूर महामार्गावर अवजड वाहने उजव्या लेनमधून चालतात आणि आपण डावीकडून पुढे जाण्यास सरावलो आहोत. समृद्धीवर डावी लेन अवजड वाहनांची, मधली मोटारींची आणि उजवी केवळ पुढे जाण्यासाठी असते. पुढे गेल्यावर मधल्या लेनमध्ये परत यावे. उजव्या लेनमध्ये कोणी संथ चालले असेल, तर लाइट देऊन थांबावे. वैतागून डावीकडून घुसू नये. आरशात न दिसणारा कोपरा ट्रकला मोठा असतो, आणि ट्रकचालकाचा चेहरा तुम्हाला त्याच्या आरशात दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

वेगाचा हिशेब एकदा कागदावर करावा. मोटारींसाठी सपाट भागात मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. ४२० किलोमीटरचे अंतर १२० ने साडेतीन तासांत आणि १०० ने चार तास बारा मिनिटांत कापले जाते. फरक ४२ मिनिटांचा. १२० च्या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या दीड सेकंदात ५० मीटर संपतात आणि कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांसह, गाडी थांबायला आणखी सुमारे ८० मीटर लागतात. १०० च्या वेगात हीच बेरीज १०० मीटरच्या आत राहते. एकट्याने आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने मधल्या लेनमध्ये ९५ ते १०० चा स्थिर वेग ठेवावा, असे माझे मत आहे. पुढच्या गाडीने रस्त्यावरील एखादी खूण ओलांडली की 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' असे मोजावे. आपण त्या खुणेवर त्यापूर्वी पोहोचलो तर अंतर कमी आहे. पाऊस असेल तर ही मोजणी दुप्पट करावी.

मन सुस्तावते तेव्हा

साध्या रस्त्यावर दर मिनिटाला काहीतरी घडते : कोणी आडवे येते, स्पीडब्रेकर येतो, गाव लागते. हे सर्व त्रासदायक असले तरी ते मेंदूला जागे ठेवते. नियंत्रित प्रवेशाच्या रस्त्यावर तसे काहीच घडत नाही. बराच भाग काँक्रीटचा, सांध्यांचा एकसारखा आवाज, दोन्ही बाजूंना कुंपण, आणि समोर क्षितिजापर्यंत तोच करडा पट्टा. डोळे उघडे असतात, हात स्टीअरिंगवर असतात, पण लक्ष विझत जाते. याला रस्त्याचे संमोहन म्हणतात, आणि पूर्ण झोप झालेल्या माणसालाही ते होते.

त्याची लक्षणे ओळखता येतात. मागचा इंटरचेंज कोणता गेला हे आठवत नाही. वेग नकळत दहा-पंधराने वर किंवा खाली गेलेला असतो. गाडी लेनच्या पांढऱ्या रेषेला लागून जाते आणि आपण ती दचकून आत घेतो. मान जड होते, जांभया लागोपाठ येतात. या पायरीवर काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी पाच-दहा मिनिटांपलीकडे काही साधत नाही. त्यानंतर येते ती क्षणभराची झोप, जी आल्याचे चालकाला कळतही नाही. ताशी १०० च्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे १११ मीटर गाडी कोणीही चालवत नसणे.

उपाय थांबण्याचाच आहे. दर दोन तासांनी किंवा दीडशे किलोमीटरवर, थकवा वाटो अथवा न वाटो, सुविधा केंद्रावर किंवा इंटरचेंजने बाहेर पडून थांबावे. संभाजीनगरहून निघाल्यावर जालना लवकर येते. पहिला थांबा मेहकरच्या आसपास आणि दुसरा कारंजा लाड किंवा धामणगावच्या आसपास ठेवला तर अंतरे बरी विभागली जातात. झोप जाणवत असेल तर आधी कॉफी किंवा चहा घ्यावा आणि लगेच गाडीत पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावून डोळे मिटावेत. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून दोन्हींचा लाभ एकत्र मिळतो. उठल्यावर पाच मिनिटे चालून मगच गाडी सुरू करावी. सर्दी-ॲलर्जीच्या अनेक गोळ्यांनी सुस्ती येते. प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून अशी गोळी घ्यायची असल्यास डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. एसी सतत आतलीच हवा फिरवत असेल, तर मधूनमधून बाहेरची हवा घेण्याचे बटण दाबावे.

चालू असताना डोळ्यांना काम द्यावे : दूर पाहावे, मग आरसे, मग वेगाचा काटा, पुन्हा दूर. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप स्थिर ठेवणारी सोय) असेल तर तो अशा रस्त्यावर सलग वापरू नये, कारण पायाचे उरलेसुरले कामही त्याने संपते. पावसात तर तो बंदच ठेवावा.

ऊन, वारा, पाऊस

हा रस्ता बहुतांशी पूर्व–पश्चिम आहे. सकाळी नागपूरकडे जाताना पहिले दोन तास सूर्य थेट डोळ्यांत येतो. समोरची काच आतून पुसलेली नसेल तर तिच्यावरील धुरकट थर उन्हात उजळतो आणि समोरचा ट्रक दिसेनासा होतो. काच आदल्या रात्रीच आतून-बाहेरून पुसावी, सनग्लासेस जवळ ठेवाव्यात आणि शक्यतो सूर्य थोडा वर आल्यावर, आठच्या सुमारास निघावे. उंच भरावावर आणि पुलांवर वारा आडवा लागतो. मोठ्या कंटेनरला ओलांडताना आधी वारा अडतो आणि पुढे जाताच एकदम धक्का बसतो, तेव्हा दोन्ही हात स्टीअरिंगवर असावेत. साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगल्यासारखी हलकी वाटली, तर ब्रेक न लावता आणि स्टीअरिंग न फिरवता ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा.

टायर फुटला किंवा गाडी बंद पडली तर

टायर फुटल्यावर पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि नेमके तेच टाळायचे असते. स्टीअरिंग घट्ट व सरळ धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा, वेग स्वतःहून उतरू द्यावा आणि ताशी चाळीसच्या आसपास आल्यावर डावीकडच्या शोल्डरवर (रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्टीवर) घ्यावे. पार्किंग लाइट, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, लगेच लावावेत. शक्य असल्यास गाडी कुंपणाच्या बाजूला जितकी डावीकडे जाईल तितकी न्यावी.

यापुढची पायरी एकट्या चालकाने नीट लक्षात ठेवावी. आपले दार धावत्या लेनच्या बाजूला उघडते. ते उघडू नये. सीट मागे सरकवून, गिअरवरून सरकत शेजारच्या सीटवर जावे आणि डाव्या दाराने उतरावे. फोन आणि पाणी बरोबर घ्यावे. उतरल्यावर गाडीच्या पुढे किंवा मागे उभे न राहता लोखंडी बॅरिअरच्या पलीकडे, गाडीपासून थोडे मागच्या दिशेला जाऊन उभे राहावे, म्हणजे मागून कोणी धडकले तरी गाडी आपल्या अंगावर ढकलली जाणार नाही. रिफ्लेक्टरचा त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवायचा असतो. दिवसा, रस्ता सरळ असताना, बॅरिअरच्या पलीकडून चालत जाऊन तो ठेवावा. रात्री किंवा वळणावर एकट्याने तो ठेवायला जाऊ नये, असे मी म्हणेन. उजव्या बाजूचे चाक तर शोल्डरवर स्वतः कधीच बदलू नये. मदतीसाठी महामार्गावरील फलकावरचा हेल्पलाइन क्रमांक किंवा ११२ वर फोन करावा आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा व जाण्याची दिशा सांगावी. राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे कोल्हापूर–पुणे टप्प्यात, १०३३ हा क्रमांक आहे.

दुसऱ्याचा अपघात दिसला, तर लेनमध्ये ब्रेक लावू नये. पुढे जाऊन सुरक्षित जागी थांबावे आणि ११२ किंवा १०८ ला कळवावे. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची योजनाही लागू आहे, हे रुग्णालयात आवर्जून विचारावे. फोटो काढण्यासाठी किंवा रील बनवण्यासाठी शोल्डरवर थांबणाऱ्यांना हात जोडून सांगावेसे वाटते की ती जागा फक्त संकटातील वाहनासाठी आहे.

बाहेर पडताना आणि परतताना

आपला इंटरचेंज चुकला तर रिव्हर्स घेण्याचा विचारही मनात आणू नये. पुढच्या इंटरचेंजवरून वळून यावे. बाहेर पडताना वेग मुख्य लेनमध्ये कमी न करता बाहेर पडण्याच्या लेनमध्ये शिरल्यावर कमी करावा. चार तास १०० च्या वेगाची सवय झालेल्या डोळ्यांना ६० चा वेग रेंगाळल्यासारखा वाटतो, म्हणून रॅम्पच्या वळणावर अंदाजावर न जाता काट्याकडे पाहावे. नागपूरजवळ शिवमडका येथे बाहेर पडताच दुचाकी, रिक्षा, रस्ता ओलांडणारी माणसे पुन्हा सुरू होतात. टोल भरल्यावर बाजूला दोन मिनिटे थांबून मगच शहरात शिरावे.

परतीलाही सकाळीच निघावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. दुपारनंतर पश्चिमेकडे येताना तोच समोर असतो. संभाजीनगरला पुन्हा मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी पुण्यातून बाहेर पडायला दुपारचे चार वाजून गेले आणि दिवस गळीत हंगामाचे असतील, तर साताऱ्यात थांबून सकाळी कोल्हापूरला यावे. कराडच्या पुढच्या ट्रॉल्या तेव्हा उजेडात तरी दिसतील.